जसा आला तसा

संघमित्रावर अन्याय झाला तो श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी, चाकणहून येणारी पहिल्या शिफ्टची बस ओव्हरटाइममुळे उशिरा काळेवाडीच्या थांब्यावर येऊन उभी राहिली तेव्हा. हे मी सगळ्यांत आधी लिहून ठेवते, कारण ती गेल्यावर तिच्याबद्दल जे काही लिहिलं गेलं त्यात हा सोमवार कुणी घातलेला नाही. हुशार मुलगी, मनमिळाऊ स्वभाव, न भरून येणारी हानी... हे सगळं लिहून झालं. सोमवार तेवढा गाळला. त्या संध्याकाळी ती थांब्यावर उभी होती, तिच्या कडेवर परी नावाची दोन वर्षांची पोर होती, पोर भोकाड पसरून रडत होती आणि कुणीतरी बसच्या खिडकीतून दोघींचा फोटो काढला. लोकांची जेवणं उरकायच्या आत तो फोटो कंपनीच्या बसच्या बहुतेक सगळ्या ग्रुपवर फिरला होता. खाली मजकूर होता : ‘ही बाई लहान मुलं पळवते. काळेवाडीत दिसली आहे. सावध राहा. जसा आला तसा पाठवत आहे.’

ती गेली दिवाळीच्या तोंडावर. मी तेव्हा चाकणला एका कंपनीच्या गेटवर ठेकेदारीतल्या कामगारांना पत्रकं वाटत होते. ती दवाखान्यात आहे हे मला माहीत होतं, आदल्या दिवशी भेटूनही आले होते. एका ओळखीच्या कामगारानं पत्रक घेतलं, मग थबकला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, “ताई, ही तुमच्याबरोबर यायची ना?” पडद्यावर फुलं, समई, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मधोमध फोटो. तोच. बसच्या खिडकीतून काढलेला. सोमवारनंतर तिनं स्वतःचे सगळे फोटो काढून टाकले होते, त्यामुळे लोकांच्या मोबाइलमध्ये तिचा म्हणून तेवढा एकच उरला होता. परीला कापून बाजूला केलं होतं, पण कापणाऱ्यानं घाई केली असावी... संघमित्राच्या खांद्यावर ओढणी घट्ट धरलेली परीची बोटं तशीच राहिली होती. आणि खाली जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. श्रावणात याच ग्रुपवर, याच चेहऱ्याखाली, याच लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी वाचलेलं आहे. मी पत्रकांचा गठ्ठा त्या कामगाराच्या हातात दिला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसले.

आमची ओळख पिंपरीच्या कॉलेजातली. मी तेव्हापासूनच पत्रकं लिहायची आणि ती तेव्हापासूनच त्यांची टिंगल करायची. “काय गं पत्रकवाली, आज कुणाचा निषेध?” हे तिचं गुड मॉर्निंग. माझं प्रत्येक पत्रक ती वाचायची आणि उद्गारचिन्हं खोडायची. “एवढी ओरडतेस तर लोक कानात बोटं घालतील ना राव. एक ठेव. ते पण शेवटी.” घर मराठवाड्यातून आलेलं, वडील चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर कामाला होते, ते आधीच वारले, आई विमलमावशी काळेवाडीत पाळणाघर चालवते. नेट, फेलोशिप हे सगळं त्या पाळणाघराच्या एका खोलीत, पोरांच्या रडारडीत तिनं केलं. पीएचडीचा विषय असा : ‘औद्योगिक पट्ट्यातील समाजमाध्यमे आणि सार्वजनिक संवाद’. हे नाव ऐकून कुणी तोंड वाकडं केलं की ती सांगायची, “म्हणजे कंपनीच्या बसमध्ये बातमी कुठल्या सीटवरून कुठल्या सीटवर जाते, त्याचा अभ्यास.”

आणि खरंच ती तेच करायची. बसचे ग्रुप कशासाठी असतात? बस निघाली का, दोन मिनिटं थांबवा, आज रूट बदललाय. पण त्यातूनच सगळं जग वाहत असतं, भोंदू औषधं, भरतीच्या खोट्या जाहिराती, कुणाच्या तरी जातीला शिव्या, कुणाच्या तरी पोरीची बदनामी. संघमित्रा लोकांच्या शेजारी बसून विचारायची, हे तुम्हाला कुठून आलं, पुढे का पाठवलंत? लोक लाजायचे, हसायचे. एकच उत्तर पुन्हा पुन्हा यायचं : आपण काय केलं, जसा आला तसा पाठवला. या तीन शब्दांवर तिचं एक अख्खं प्रकरण होतं. ती म्हणायची, हे तीन शब्द लिहिले की माणूस स्वतःला पोस्टाची पेटी समजायला लागतो. पेटीला कोण जाब विचारणार?

एकदा ती मला चाकणच्या कांदा बाजारात घेऊन गेली. मी म्हटलं, तुझ्या पीएचडीत कांदा कुठून आला? तिथे एका गावकरी आडत्याकडे बसून तिनं त्याचा भावाचा ग्रुप बघितला. रोज सकाळी भाव येतो आणि प्रत्येक भावाखाली पाठवणाऱ्याचं नाव. एका दिवशी नाव नसलेला भाव आला होता तर त्याच्याखाली वीस जणांनी शिव्या घातलेल्या. संघमित्रानं भोळं तोंड करून विचारलं, “काका, नाव कशाला पाहिजे? जसा आला तसा असं लिहिलं तर नाही का चालत?” म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. “अवं, कुनाचा भाव हाय त्येच ठावं न्हाई, तर आमी गाडी कशाच्या जोरावर भरायची? येडी का काय तू?” ती इतकी खूश झाली की परतीच्या वाटेवर मला उसाचा रस पाजला. “बघ,” म्हणाली, “कांद्याच्या भावाखाली नाव लागतं. माणसाच्या अब्रूखाली लागत नाही. हीच माझी थिसिस. बाकीची पानं फक्त विद्यापीठासाठी.” तेव्हापासून तीही प्रत्येक निरोपाखाली नाव लिहायला लागली. ‘येते पाच मिनिटांत. – संघमित्रा, काळेवाडी.’ मी वैतागायची. तुझाच नंबर आहे, तुझंच नाव दिसतंय, परत कशाला? “सवय लागावी म्हणून.”

आता त्या थांब्याबद्दल सांगते, म्हणजे तो फोटो नेमका कशाचा होता ते कळेल. मावशीच्या पाळणाघरातली पोरं चाकणच्या कंपन्यांत सुटे भाग जोडणाऱ्या बायांची. बाया पहाटे पोरं सोडून बस धरतात. पाळणाघर आतल्या गल्लीत. ओव्हरटाइम लागला की बस उशिरा येते, आणि दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या बाईला थांब्यापासून गल्लीत आणि गल्लीतून पुन्हा घरी हे जिवावर येतं. म्हणून संघमित्रानं पद्धत पाडली होती. ग्रुपवर ‘बस निघाली’ आलं की ती पोराला कडेवर घेऊन थांब्यावर जाऊन उभी राहायची आणि बसच्या दारातच आईच्या हातात द्यायची. पाळणाघराच्या नियमांत हे कुठेच नव्हतं, त्यासाठी कुणी जादा काही देतही नव्हतं. परीची आई ज्योती तर पायरीवरूनच हात पसरायची. त्या सोमवारी बस यायला वेळ लागला, परी भुकेजली होती, म्हणून रडत होती. एवढंच. आईची वाट बघणाऱ्या पोरीचा फोटो होता तो.

ज्योतीनं त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं, ‘ही माझी मुलगी आहे, ताई तिला रोज माझ्याकडे आणून देतात, काही पण काय पाठवता’. खाली स्वतःचं नाव लिहिलं. दोघातिघांनी खाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. मग कुणीतरी विचारलं, ‘उद्या बस किती वाजता’, आणि ज्योतीचं म्हणणं वर सरकत दिसेनासं झालं. फोटो मात्र फिरतच राहिला. संघमित्रा दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर जाऊन एकेकाला गाठायला लागली. मी बरोबर होते. मला भांडायचं होतं, तिनं भांडू दिलं नाही. ती एकच गोष्ट मागत होती, माफीसुद्धा नाही. “दादा, ज्या ग्रुपवर पाठवलं त्याच ग्रुपवर लिहा, की ते खोटं होतं. खाली नाव लिहा. बास.” लोक चांगले वागले, हे मुद्दाम सांगते. कुणी दार लावलं नाही, कुणी हात उगारला नाही. “अहो मॅडम, आम्हाला माहितीये तुम्ही तशा नाही,” “सोडा ओ, लोक विसरतात,” “मी फक्त पुढे पाठवला, बनवला थोडीच?” एकानं चहा पाजला. लिहिलं कुणीच नाही.

आणि मग पाळणाघर रिकामं व्हायला लागलं. कुणी सांगितलं, सासूबाई आल्यात गावाहून, त्या बघतील. कुणी सांगितलं, शिफ्ट बदलली. एक बाई तेवढी खरं बोलली : “मावशी, मला माहितीये अफवा आहे. पण लेकराच्या बाबतीत रिस्क कशाला?” हे वाक्य मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही शिवीपेक्षा वाईट आहे. शिवी देणाऱ्याशी भांडता तरी येतं.

संघमित्रानं हे सगळं प्रबंधात घ्यायचं ठरवलं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, संशोधक स्वतःच विषय झाला की तटस्थता राहत नाही, तुम्ही भाग बदला, राजगुरुनगरकडचे ग्रुप घ्या. ती मला हसत सांगत होती, “मी म्हटलं, सर, मी तटस्थच आहे हो, फोटो तटस्थ नाहीये.” हसत होती, पण त्या दिवशी चहाचा कप तिनं नुसताच हातात धरून ठेवला. भाग तिनं बदलला नाही. पुन्हा बसच्या थांब्यावरच जात राहिली, फक्त आता कडेवर पोर नसायचं. परीला ज्योती स्वतः गल्लीत येऊन न्यायला लागली... संघमित्रानंच तसं सांगितलं होतं. “माझ्या कडेवर नको. कुणी काही बोललं तर पोर घाबरेल.”

मग ताप आला, आणि पुढचं फार भराभर झालं.

ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या संघटनेच्या पोरांनी पत्रक तयार केलं. मोठ्या अक्षरांत : ‘अफवेचा बळी!’ मजकूर मीच लिहिला होता. रागाच्या भरात लिहिला तरी चांगला उतरला होता, पेटवणारा. छापायच्या आधी मावशीला दाखवावं म्हणून घेऊन गेले. मावशी पाळणाघरात भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, वाच. मी वाचलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, “डेंग्यू झाला होता माझ्या लेकराला. डॉक्टर सांगितले मला. तू त्यात दुसरं नको घालू, माय.”

मी म्हटलं, मावशी, पण या लोकांनी तिला आतून खाल्लं. हे सांगायला नको?

“लोकं खोटं लिहिले. आता तू बी लिहितीस का?”

मी रडायला लागले. मला तो मथळा हवा होता. त्यानं लोक हलले असते, मोर्चा निघाला असता... आणि ते खोटं झालं असतं, आणि ते खोटं संघमित्राच्या नावावर फिरलं असतं. मी विचारलं, “मग काय लिहू?” मावशीनं फार विचार केला नाही. जणू कुणी विचारायची वाटच बघत होती. “ती लेकरं पळवत नव्हती. पोचवत होती. एवढंच लिही.”

ते पत्रक आम्ही छापलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे. संघमित्रा डेंग्यूनं गेली. तिचा प्रबंध अर्धवट राहिला. हे दोन्ही मी बदलू शकत नाही आणि तुम्हीही नाही. पण तिसरी एक गोष्ट आहे.

पाळणाघराच्या भिंतीला, पोरांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, खुंट्या आहेत. पोरांना वाचता येत नाही म्हणून संघमित्रानं प्रत्येक खुंटीवर चित्र रंगवलं होतं, आंबा, पतंग, मासा, कंपनीची बस. परवा गेले तेव्हा सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. फक्त पोपटाच्या खुंटीवर परीची पिशवी होती. मावशी एकट्या परीला भात भरवत होती आणि परी दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होती. बस आली की कुणीतरी आपल्याला कडेवर घेऊन थांब्यावर नेतं, हे तिच्या अजून लक्षात आहे. ज्यांनी श्रद्धांजलीला हात जोडले त्यांच्यातल्या कितीतरी जणांची पोरं याच खुंट्यांना पिशव्या अडकवायची. ती आणून सोडायला आजही कुणाची तयारी नाही, कारण श्रावणातला तो मजकूर आजही तिथेच आहे, आणि तो खोटा आहे असं ज्योतीशिवाय एकानंही लिहिलेलं नाही.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे मोबाइल हाताशी असेलच. उघडा. श्रावणापर्यंत मागे जा. फोटो सापडेल, कडेवर रडणारी पोर आहे तो. पुसून टाकू नका, पुसलेलं कुणाला दिसत नाही. ज्या ग्रुपवर तुम्ही तो पाठवलात त्याच ग्रुपवर लिहा : ‘मी पाठवलेला मजकूर खोटा होता. ती लेकरं पोचवत होती.’ जोडलेले हात नकोत, फुलं नकोत. खाली स्वतःचं नाव लिहा.