मामानं पोटात ठेवलेली भेग

माझा मामा मल्हारी हसनाबादच्या भागात विहिरी खोदायचा. त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, यानं पहार धरली. सुरुंगाचं भोक पाडायच्या आधी हा माणूस दगडाला कान लावायचा, हातोडीनं ठोकायचा अन् आपल्याशीच पुटपुटायचा. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या विहिरीबी त्यानंच खोदल्या, मेल्यांना लाज न्हाई!

"बेबीनंदे, दगूड आपल्या मर्जीनं फुटत न्हाई," मला सांगायचा. "बार कुठंबी लाव, जोर जुन्या भेगंतच शिरतो. म्हणून आधी भेग हुडकायची."

माझा बाप मी सात वर्षांची असताना गेला. दुसऱ्याच वर्षी, ब्याऐंशीत, मामानं मायच्या वावरात विहीर खोदली. मजुरी म्हणून काही घेतलं न्हाई, दोन वेळची भाकर तेवढी खाल्ली. चाळीस फुटांवर एका भेगेतून पाणी आलं तेव्हा माय काठावर बसून ढसाढसा रडली. त्या पाण्यावर तिनं मोसंबीची दोनशे झाडं लावली, अन् त्या झाडांवर आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. ती विहीर सोडली तर कडूबाईजवळ, म्हंजे माझ्या मायजवळ, दुसरं काहीच नव्हतं.

आमच्याकडं एक रीत होती. झरा लागला की त्याला हळदकुंकू वाहायचं, अन् झऱ्याची भेग कोणत्या अंगानं येते ते खोदणाऱ्यानं अन् वावराच्या धन्यानं पोटात ठेवायचं. तिसऱ्याच्या कानावर गेलं की झऱ्याला दिष्ट लागते म्हणत. मामा त्यात लई कट्टर. मलासुद्धा त्यानं कधी सांगितलं न्हाई.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात शाळेपुढचा हातपंप कोरडा पडला. आमच्या विहिरीचं पाणी मोसंबीलाच कसंबसं पुरायचं, गावच्या बाया पाण्यासाठी दीड कोस चालून राह्यल्या होत्या. मंग एक सरकारी गाडी आली, मोठी टाकी अन् त्याहून मोठा पंप घेऊन. हातपंपाच्या बोअरमध्ये रबरी बूच उतरवायचं, बुचाखाली पाणी जोरानं दाबायचं, म्हंजे खडकातल्या बुजलेल्या भेगा उघडतात, असं तिच्यावरच्या साहेबानं समजावलं. साहेब तरणा होता, पण भला होता. त्यानं मुद्दाम मामाला बोलावून घेतलं.

"मल्हारीबाबा, इथून कुठल्या विहिरीकडं भेग जाते का? जात असेल तर ही बोअर सोडू, ओढ्यापलीकडची घेऊ. उगं कुणाच्या विहिरीचं पाणी उतरायला नको."

मायच्या झऱ्याची भेग शाळेच्याच अंगानं येत होती. मामाला ते पक्कं ठाऊक होतं. पण एकतर परका माणूस इचारतोय. दुसरं म्हंजे विहीर तिथून दोनशे पावलं लांब. मामाच्या हिशेबानं सुरुंगाचा जोर दहा हातांत मरतो, मंग पाणी कुठवर जाणार?

"मधी समदा अखंड पाषाण हाये, साहेब," तो म्हणला.

पंप सुरू झाला तेव्हा मी विहिरीवर धुणं धूत होते. थोड्या वेळानं तळातून बुडबुडे यायला लागले. मंग लाल गढूळ पाणी असं उसळलं, की माझ्या हातातलं लुगडं सुटलं. मी बोंबलत शाळेकडं पळाले. तिकडं दाबाचा काटा एकदम खाली आल्ता, भेग उघडली म्हणून गाडीवाले खुशीत होते. माझं ऐकलं अन् मामाचं तोंड राखेसारखं झालं.

"बंद करा! बंद करा वो!"

साहेबानं लगोलग बंद केलं. पण सुरुंग एकदा दणकून थांबतो. पाण्याचं तसं नव्हतं, ते मागून रेटा आहे तोवर भेग उघडत पुढंच गेल्तं. आठ दिवसांत विहीर तळाला गेली अन् हातपंप भडभडा वाहू लागला. मामा पंधरा दिवस विहिरीत उतरून त्या भेगेत चिंध्या, चिकणमाती, सिमेंट ठासत राह्यला. त्याच्या बोटांची सालटी निघाली. पाणी काही थांबलं न्हाई. आमच्या विहिरीचं पाणी सारं गाव पिऊ लागलं, अन् कुणाला नको म्हणायची सोय न्हाई. तहानलेल्या बायांना काय म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात मोसंब्या उभ्या वाळल्या. झाडं तोडायच्या दिवशी मामा आला. कुऱ्हाड न उचलता बांधावर बसला अन् सगळं सांगून टाकलं. मला इतका राग आला, की तोंडाला येईल ते बोलले मी त्याला. रीत म्हणे! आग लागो त्या रीतीला!

माय म्हणली, "दादा, त्या दिवशी मी तिथंच बायांच्या घोळक्यात गाडी बघत उभी होते की रे. झऱ्याची धनीण मी. मला एका शब्दानं इचारलं असतंस, तर मी म्हणले असते, सांग बाबा साहेबाला."

हे मामाच्या डोक्यातच आलं नव्हतं. धनी म्हंजे त्याच्या मनात अजून माझा बापच होता, जो मरून तेरा वर्षं झाल्ती.

मायनं त्याला दोष दिला न्हाई. दिवाळीत भाऊबीजेला सकाळीच पाट मांडला, ताट केलं, दिवा लावला. दिवस कलेपर्यंत बसली. मंग मीच मामाच्या घरी गेले. तो ओसरीवर नवं धोतर नेसून बसला होता.

"मामा, चल ना रे, माय वाट बघतीये."

"निघतो, बेबे," तो म्हणला. पण उठला न्हाई. पुढं नऊ वर्षं जगला, माय दरसाल पाट मांडायची, अन् तो दरसाल निघतो म्हणायचा.