प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई

जामसंड्याच्या आंबा संस्थेत कॉम्प्युटर आला, तेव्हा बागायतदारांची माहिती त्यात भरायला मला ठेवलं. मला प्रोग्राम लिहायला शिकायचं होतं, पण ते बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

प्रोग्राम लिहायला मुंबईहून एक बाई आल्या. मूळच्या इथल्याच. चपला दाराबाहेर काढून, पदर खोचून त्या बसायच्या आणि मशीनशी भांडायच्या, "मेल्या, सकाळी चलत होतस मां!"

एका दुपारी कॉम्प्युटरवर देवगडचे बागायतदार शोधले, तर निम्मेच सापडले. संस्थेचे साहेब माझ्याकडे रोखून बघू लागले. बाईंनी मी भरलेली माहिती वाचली. अर्जांवर देवगडचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांचं होतं आणि मी ते तसंच उतरवलं होतं. प्रोग्रामला एकच ठाऊक होतं.

"तुका अर्ज म्हायती, माका प्रोग्राम," बाई म्हणाल्या. "दोघींकाय दोन्ही म्हायती होयी. हंय बस गो, आता तूच दुरुस्त कर."

"मॅडम, तिचं काम टायपिंगचं," साहेब म्हणाले. "हे तिच्या डोक्याबाहेरचं आहे."

"माझी आवसय माका असाच म्हणा होती."

बाईंनी आपल्या आईचा दाखला दिला, तरी साहेब हसले नाहीत. त्यांनी मला जागेवर जायला खुणावलं. मी गेले नाही.

"माका शिकूचा आसा," मी म्हणाले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे अवघडलेली माझी मालवणी ऐकून बाई खुदकन हसल्या आणि त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. साहेब मागेच उभे होते. मी वळून न बघता प्रोग्रामची पहिली ओळ वाचायला घेतली.