ज्याचा ढोल त्याची भरती

डब्लिनमधल्या आमच्या ढोल पथकाचे प्रमुख काका फावल्या वेळात लॅपटॉपवर रोमन सैन्य सांभाळायचे. गेममध्ये स्वतःची शस्त्रं असलेल्याचीच भरती, आणि पथकात स्वतःचा ढोल असलेल्याची. आम्ही स्टुडंट लोक नुसते झेंडे धरायचो.

एका रविवारी प्रॅक्टिसला काका लॅपटॉप उघडूनच बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "लढाई हरलो रे. शस्त्रं परवडणारे सैनिकच संपले. शेवटी रिफॉर्म केला. येईल त्याला घ्यायचं, शस्त्रं आपण द्यायची."

"मग?"

"मग काय, जिंकतोय."

महिन्याभराने त्यांच्या व्हॅनमधून पुण्याहून मागवलेले चार नवे ढोल उतरले. माझ्या कमरेला ढोलाचा दोर आवळत काका एवढंच म्हणाले, "ताठ उभा राहा. रोम बघतंय."