टिल्लूची गाडी बुटकी झाली

शाळेत रांगेत सगळ्यात पुढे उभी राहणाऱ्या मुलीला 'टिल्लू' हे नाव चिकटलं, ते चाळिशी आली तरी सुटलं नाही. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. भल्या सकाळी घरोघर जाऊन आजारी माणसांचं रक्त घ्यायचं आणि बस बदलत, धापा टाकत नमुने लॅबमध्ये पोचवायचे. वडिलांचे गुडघे दुखायला लागले, त्यांची मोटरसायकल जिन्याखाली झाकून पडली, तेव्हा तिने सांगून टाकलं, ही गाडी मी चालवणार.

घरात हशा पिकला. मोठ्या भावाने तर गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. शिडी घेऊन चढणार का, असं विचारून झाल्यावर तो म्हणाला, रविवारी माणूस येतोय. तोवर तुझे पाय जमिनीला लागले तर गाडी तुझी, नाहीतर विकली.

आपली उंची आता वाढायची नाही, म्हणजे गाडीनेच खाली यायला हवं, हे टिल्लूने ओळखलं. सीटवाल्याकडे जाऊन तिने फोम कापून घेतला. नुसता वरून नाही, पुढच्या बाजूने दोन्हीकडून तासूनही घेतला. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात. मेकॅनिकने मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलून छोटे बसवले, पुढूनही गाडी थोडी उतरवली. टिल्लू बसली. दोन्ही चवडे जमिनीला लागले. त्या आनंदात साइड स्टँडचा विचार ना तिने केला, ना मेकॅनिकने. गाडी खाली आली, स्टँड मात्र तेवढाच लांब राहिला.

रविवारी अंगणात गिऱ्हाईक, भाऊ आणि खुर्चीत वडील. टिल्लूने ऐटीत गाडी स्टँडवर लावली. एरवी गाडी स्टँडवर जरा कलून उभी राहते. ही कवायतीला उभी केल्यासारखी ताठ. टिल्लूने पाठ फिरवली मात्र, गाडी हळूच दुसऱ्या अंगाला कलली आणि आडवी झाली.

"झालं समाधान?" म्हणत भाऊ उचलायला पुढे आला.

"हात लावू नकोस, दादा."

तिने हँडल वळवून धरलं, गाडीला पाठ लावून खाली बसली आणि पायांनी जमीन रेटत, इंच इंच मागे सरकत अख्खं धूड उभं केलं. चेहरा लालबुंद झाला होता. स्टँडवर भरवसा नव्हताच, म्हणून तशीच टांग टाकून ती वर बसली.

भावाने वाकून पाहिलं. "टाचा अधांतरी आहेत तुझ्या. दोन्ही पाय पुरते कुठे टेकलेत?"

"दोन्ही पाय टेकवून गाडी उभी करतात, दादा. चालवत नाहीत."

वडील खुर्चीत खाकरले. गिऱ्हाइकाला म्हणाले, चहा घेऊन जा, गाडीचं काही जमायचं नाही.

टिल्लूने ते पुरतं ऐकलंही नाही. ती फाटकाबाहेर पडली होती, स्टँड कापून घ्यायला वेल्डरकडे. थांबायची वेळ आली की बूड जरा एका बाजूला सरकवायचं आणि एकच पाय भक्कम रोवायचा, हे तिला पहिल्याच चौकात जमलं.

परत आल्यावर भावाने विचारलं, पुन्हा पडली तर?

"पुन्हा उचलेन," ती म्हणाली, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकून हात धुवायला गेली.