मच्छरदाणीतलं बदामाचं झाड

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर वहिनी घरी स्वस्थ बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी मधमाशांच्या वीस पेट्या आणल्या आणि धाकट्या दिराच्या बदामाच्या बागेत मांडल्या. परवानगी सासूबाईंनी परस्पर देऊन टाकली होती.

पहिली फुलं उमलली, माशा घोंघावू लागल्या आणि दिराचा जीव खालीवर होऊ लागला.

"वहिनी, या माशा माझ्या फुलांतला रस पळवतायत! मग बदाम काय धरणार?"

"भाऊजी, त्या एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. म्हणून तर फळ धरतं."

"ते काम वारा करतो. फुकटात!"

वहिनींनी चेहरा पाडला. "तुमचंच खरं असेल. निदान फाटकाजवळचं तुमचं लाडकं झाड तरी वाचवू या."

दोन जुन्या मच्छरदाण्या जोडून त्यांनी झग्यासारखं काहीतरी शिवलं. दिराने स्वतः शिडीवर चढून ते त्या ठेंगण्या झाडाला घातलं, बुंध्याशी दोरीने आवळलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवलं. पाकळ्या गळेपर्यंत वहिनी अगदी गरीब गाय होऊन वावरल्या.

पुढे बाग बदामांनी लगडली. फाटकाजवळच्या झाडावर मात्र नुसती पानं.

"रोग पडलाय," म्हणत दिराने झाडांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पानं उलटीपालटी करून पाहिली. "झाड ठणठणीत आहे. फुलोऱ्यात याला झाकलं होतं का हो?"

दिराने घाईघाईने त्यांची फी पुढे केली.

डॉक्टर गेल्यावर तो तणतणत वहिनींकडे आला. "तुम्हाला माहीत होतं! मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की."

दिराला आपलं वाऱ्याचं बोलणं आठवलं आणि तो एकदम खो खो हसत सुटला. वहिनींना मघापासून त्या झाडाकडे बघून चुटपुट लागली होती. त्यांनाही जरा हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी बागायतदारांच्या सभेत दीर मधमाशांच्या फायद्यांवर अर्धा तास बोलला. "खात्री करून घ्यायला मी मुद्दाम एक झाड झाकून पाहिलं," असंही ठोकून दिलं. मागच्या रांगेतून वहिनींनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर लोकांनी त्याला पेट्यांसाठी गराडा घातला.

"वहिनींना विचारा," तो ऐटीत म्हणाला, "पण आधी माझी बाग हं!"