स्पंज केकवरच्या जाळीच्या खुणा

टॅरिंगलच्या शेतकी जत्रेत नेरिडा टकवेलने बावीस वर्षं स्पंज केक मांडला आणि बावीस वर्षं तो जसाच्या तसा घरी आणला. परीक्षक केकशेजारी चिठ्ठी ठेवून जातात, त्या सगळ्या चिठ्ठ्या तिला पाठ होत्या. सगळ्यात चांगली होती, ‘प्रयत्न धाडसी.’ तिचा नवरा मर्व्ह ही चिठ्ठी पाहुण्यांना आवर्जून ऐकवत असे. लग्नालाही ती लागू पडते, असं त्याचं म्हणणं.

त्याच बावीस वर्षांत, त्याच टेबलावर, तिची नणंद ग्लेनिस हिने सतरा निळ्या फिती मिळवल्या. निळी फीत म्हणजे पहिला नंबर. उरलेल्या पाच वर्षांपैकी दोनदा ग्लेनिस आजारी होती आणि तीनदा परीक्षक आजारी असावेत, असं ग्लेनिसचं मत होतं. यंदा तर तिला जिल्ह्याच्या परीक्षक मंडळात घेणार, अशी बोलवा होती.

फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात भरणाऱ्या जत्रेची नियमपुस्तिका नोव्हेंबरात आली. तिच्यात नवा वर्ग होता : खाद्यपदार्थाचं छायाचित्र, घरात काढलेलं, फक्त दिव्याच्या उजेडात. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पदार्थ दुसऱ्याने केलेला चालेल, पण चित्राखालच्या कार्डावर करणाऱ्याचं नाव हवं. नेरिडाने ते वाक्य तीनदा वाचलं. पदार्थ दुसऱ्याने केलेला चालेल. जत्रेने बावीस वर्षांनी तिची अडचण समजून घेतली होती.

“मी उतरते आहे,” तिने जाहीर केलं.

“कॅमेरा चालू कसा करायचा, माहीत आहे?” मर्व्हने विचारलं.

“बस चालू करता येत होती ना मला?”

एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. कॅमेरा तिला निवृत्तीच्या निरोपसमारंभात मिळालेला. तीन वर्षं तो मोज्यांच्या कप्प्यात पडून होता.

नेरिडाने धुण्याच्या खोलीचा स्टुडिओ केला. खिडकीवर घोंगडी ठोकली. मर्व्हच्या शेडमधला कामाचा दिवा आणला आणि त्याच्यासमोर केक भाजायचा कागद लावला, म्हणजे उजेड मऊ पडतो. बिअरच्या थंडपेटीचं पांढरं झाकण दुसऱ्या बाजूला उभं केलं, म्हणजे सावली फार काळी होत नाही. पार्श्वभूमीला काळं काहीतरी हवं होतं, तिथे मर्व्हचा अंत्यविधीला घालायचा कोट टांगला.

“अन् मध्येच कुणी गेलं तर?” मर्व्हने विचारलं.

“फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांग.”

चित्रात पहिले सॉसेज हिरवे आले. फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीतून आणलेल्या पुस्तकात कारण सापडलं : छताची ट्यूब आणि शेडचा दिवा यांचे रंग जुळत नाहीत, एका वेळी एकच लावावा. तिने ट्यूब बंद केली. सॉसेज पुन्हा सॉसेज झाले. मर्व्हला ते गार, पण योग्य रंगाचे खायला मिळाले. त्यापुढे घरातलं प्रत्येक जेवण आधी कॅमेऱ्यासमोर जाऊन मगच टेबलावर येऊ लागलं.

मग अंडं आलं. दिवा समोर ठेवला की अंडं म्हणजे नुसता पांढरा ठिपका. वर धरला तरी तेच. कंटाळून तिने दिवा डावीकडे, पार टेबलाच्या कडेला, खाली नेला आणि अंडं अचानक गोल झालं. कवचावरचे बारीक खळगेसुद्धा दिसू लागले. नेरिडा खुर्चीवरून उठली. हा उजेड तिच्या ओळखीचा होता. सकाळी आठला बस घेऊन निघालं की सूर्य असाच खालून, बाजूने यायचा आणि क्रीक रोडचा खड्डा न् खड्डा उठून दिसायचा. दुपारी परतताना तोच रस्ता तव्यासारखा सपाट. एकतीस वर्षं ती हेच शिकत आली होती, फक्त पगार दुसऱ्या कामाचा मिळत होता.

ती तशीच बाहेर धावली. मर्व्ह टोमॅटोला पाणी घालत होता.

“अंडं गोल आहे,” ती म्हणाली.

मर्व्हने पाण्याची नळी खाली ठेवली. “बसून घे जरा.”

त्यानंतर तिला धरबंध राहिला नाही. लिंबं, सॉसची बाटली, अर्धं कापलेलं अननस, लॅमिंग्टन केकवरचा खोबऱ्याचा कीस. दुपारी बाहेर अडतीस अंश, आत घोंगडी आणि दिवा, आणि ही बाई घामाने निथळत, गाणं गुणगुणत दिवा दोन बोटं सरकवते आहे. दोन बोटांनी चित्र बदलतं, याचा तिला रोज नव्याने आनंद व्हायचा. इतकं मजेत तिने आजवर काही केलं नव्हतं. तिला आता फक्त एक फीत हवी होती. त्या मंडपात टकवेल नाव तिच्यामुळे लागावं, एकदाच.

प्रवेशिका द्यायच्या दिवशी सकाळी दहाला, नेरिडाने चित्रासाठी मागितलेला स्पंज ग्लेनिस स्वतः घेऊन आली. कोमट, फुगलेला, निळ्या चौकटीच्या टॉवेलात गुंडाळलेला.

“टॉवेलातच निवू दे,” ती म्हणाली. “मी दोनला टॉवेल न्यायला येते.”

हे सांगायची गरज नव्हती. टॅरिंगलमध्ये लहान पोरालाही ठाऊक असतं की स्पंज नुसत्या तारेच्या जाळीवर निववायचा नाही, खुणा उठतात. जाळीवर टॉवेल, टॉवेलावर केक. इथे गाडी खांबाला ठोकली तर लोक विसरतात, केकवरची जाळीची खूण विसरत नाहीत.

पण तो टॉवेल फार सुरेख होता. केकखाली अंथरला तर चित्र उठून दिसलं असतं. फक्त त्याला सुरकुत्या होत्या. नेरिडाने टॉवेल काढला, केक जाळीवर पालथा घातला आणि उत्साहात इस्त्री करायला गेली. दहा मिनिटांत परत आली, टॉवेल अंथरला आणि केक त्यावर सुलटा ठेवला. ट्यूबच्या उजेडात केक निर्मळ दिसत होता.

मग तिने ट्यूब बंद करून दिवा लावला. डावीकडून, खालून.

सोनेरी केकवर नांगरटीसारख्या आठ रेघा उमटल्या होत्या. तरीही तिने बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र पाहिलं. केकचा पापुद्रा हाताला लागेल असा दिसत होता, टॉवेलाचा धागा न् धागा सुटा होता. आजवरचं सगळ्यात उत्तम चित्र. तिने दिवा समोर नेऊन दुसरं चित्र काढलं. खुणा गेल्या, आणि केकचा पुठ्ठा झाला.

“दुसरा केक माग तिच्याकडे,” मर्व्ह म्हणाला.

“पाचला प्रवेशिकांची खिडकी बंद होते. आणि काय सांगू मागताना?”

हे चित्र लावलं तर खाली कार्डावर ग्लेनिसचं नाव. सगळं गाव त्या आठ रेघांसमोर उभं राहणार आणि परीक्षक मंडळ दुसरी कुणी शोधणार. न लावलं तर यंदाही रिकाम्या हाताने घरी. नेरिडा धुण्याच्या मशीनवर बसली आणि पुठ्ठ्याचं चित्र छापायला द्यायचं ठरवलं. तेवढ्यात दोन वाजले.

ग्लेनिस टॉवेलसाठी आत आली आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिली. पर्समधून चष्मा काढला. लावला. पुसून परत लावला.

“कुणाची जाळी?”

“माझी.”

“किती वेळ?”

“दहा मिनिटं. टॉवेलाला इस्त्री करत होते.”

“माझ्या टॉवेलाला इस्त्री.” ग्लेनिसने सावकाश श्वास सोडला. “माझ्या केकने एक्क्याऐंशी सालापासून उघडी जाळी पाहिलेली नाही, नेरिडा.”

“मी दुसरं लावणार आहे. हे बघ.”

ग्लेनिसने पुठ्ठ्याचं चित्र पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरं दुःख दिसलं. “हा माझा केक? हा तर बिस्किटाच्या डब्याचं झाकण दिसतो.” ती पुन्हा पहिल्याकडे वळली. “यात बघ, उंची कशी आली आहे. बावीस वर्षांत एकाही परीक्षकाला माझ्या केकचं अंग असं दिसलं नसेल.”

“पण खुणा.”

“खुणा तुझ्या आहेत. केक माझा आहे. कार्डावर तसंच लिही.”

“असं कुणी लिहीत नाही गं.”

“जाळीवर पण कुणी ठेवत नाही.”

पाचला सात मिनिटं असताना मर्व्हने औषधाच्या दुकानातल्या फोटो-यंत्रावर छापलेलं चित्र खिडकीत सरकवलं. कार्ड नेरिडाने बस-ड्रायव्हरच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं : केक, ग्लेनिस. जाळीच्या खुणा, नेरिडा.

शनिवारी मंडपात त्या चित्रासमोर रांग होती. लोक आधी कार्ड वाचत, मग चष्मे लावून रेघा मोजत, आणि आठ भरल्या की समाधानाने पुढे सरकत. ग्लेनिस शेजारी उभी राहून, कुणी न विचारताही, टॉवेल आपलाच असल्याचं सांगत होती.

चित्राच्या कोपऱ्याला निळी फीत टाचलेली होती. खाली परीक्षकांची चिठ्ठी : ‘प्रकाशयोजना अप्रतिम. केक टॉवेलावर निववावा.’

नेरिडाने ती दोनदा वाचली आणि मर्व्हच्या हातात दिली. त्यानेही वाचली.

“‘धाडसी’ नाही लिहिलं या वेळी,” तो म्हणाला.

“गरज नव्हती,” नेरिडा म्हणाली, आणि त्याचा अंत्यविधीचा कोट, परत करायच्या बोलीवर, चित्रांसाठी अजून एक आठवडा मागून घेतला.