बॅटरीची पूजा

बॅटरी फुटली तेव्हा माझा नवरा तिच्यावर वाकलेला होता. बार उडाल्यासारखा आवाज झाला. झाकणाचे तुकडे भिंतीवर आपटले आणि तो तोंडावर हात धरून खाली बसला. "डोळे गेले वं माह्ये," म्हणाला. खोलीत घशाला झोंबणारा वास भरला. माझ्या हातात नारळ तसाच होता.

पारशिवनीकडे आमचं थोडं शेत आहे, त्यात एक खोली. शहरातलं बेसाचं घर मुलाकडे देऊन आम्ही दोघं तिथं राहायला गेलो. विजेचे खांब डांबरी रस्त्यापाशीच संपतात. म्हणून उन्हाळ्यात छपरावर सोलरच्या दोन प्लेटा बसवल्या आणि आत इन्व्हर्टर, अॅसिड-पाण्याची मोठी बॅटरी. दोन बल्ब आणि एक पंखा चालायचा. बसवणारा मिस्त्री बजावून गेला होता, "चार्ज होताना हिच्यातून गॅस निघते. खिडकी उघडी ठेवा. जवळ विडी-काडी नाही पाहिजे."

पुढं माकडं त्या खिडकीतून शिरली. पीठ सांडलं, तारा ओढल्या. नवऱ्यानं खिडकीवर पत्रा ठोकला. मी म्हटलं, मिस्त्री काय सांगून गेला?

"मिस्त्रीच्या घरी माकडं येते का?"

"मग जाळी लावा."

"आणतो ना बाजारातून." जाळी काही आली नाही.

दसऱ्याला आमच्याकडे विळा, कुदळ, फवारणीचा पंप, मोटरसायकल, सगळ्यांची पूजा होते. या वेळी त्यात बॅटरीही होती. नवऱ्यानं तिची बुचं काढून पाणी भरलं, ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दुपारचं कडक ऊन होतं, वर प्लेटा तापलेल्या, बॅटरी चार्ज होत होती. त्यानं दिवा बॅटरीवरच मांडला.

"अवो, दिवा खाली ठेवा. आगीचं सांगितलं होतं त्यानं."

"विडीचं सांगितलं होतं. देवाचा दिवा काय विडी आहे? चौथी शिकली अन् मले बॅटरी शिकवून राहिली!" हसतच त्यानं काडी ओढली.

बॅटरी फुटल्यावर मी त्याला ओढत अंगणातल्या पाण्याच्या ड्रमपाशी नेलं. बोटांनी पापण्या फाकवल्या आणि मगानं पाणी ओतत राहिले. त्यानं मला ढकललं, शिव्या दिल्या. "सोड वं, जळून राहिलं!"

"जळू द्या. डोळे उघडे ठेवा."

ड्रम रिकामा झाला तोवर शेजारच्या शेतातला माणूस पिकअप घेऊन आला. गाडीतही मी कॅनमधलं पाणी ओतत होते. शहरात रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, पाणी ओतलं हे बरं केलं, पण आत्ताच काही सांगता येणार नाही.

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून तो पडून होता. मी खाटेशी बसले. माझे हात अॅसिडनं सोलवटले होते, म्हणून त्याला भरवायचं काम सून करायची. आंधळ्या माणसाला घेऊन त्या शेतात कसं राहायचं, हाच विचार डोक्यात फिरत होता. तो मात्र विचारत होता, "खोलीचं दार लावलं होतं का वं? माकडं शिरली असतील."

"शिरू द्या. पत्राही काढायला सांगितला आहे."



पट्ट्या निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांसमोर बोटं धरली. उजव्या डोळ्याला ती दिसली, डाव्याला नाही. डावा गेला तो गेलाच.

त्या एका डोळ्यावर नवरा शेतात जगला. मीही जगले.